सहा पॉइंट एक

वजन कमी करायचं ठरलं की आपण आधी शूज घेतो, मग जिमची फी भरतो आणि मग... मग काहीच होत नाही! माझंही वर्षानुवर्षं तेच चाललं होतं. सुरुवात झाली ती एका लॅब रिपोर्टमुळे, बाबांच्या पायामुळे आणि चहाच्या एका वहीमुळे.

'दहा दिवसांत पाच किलो कमी करा!'

हे हेडिंग मी दिलेलं आहे. कबूल करते. फ्रीलान्स जर्नलिस्टच्या आयुष्यात असे दिवस येतात. संध्याकाळी सहापर्यंत कॉपी द्यायची असते, शब्दामागे पैसे मिळणार असतात आणि वजन हा विषय बारा महिने चालतो. त्यामुळे पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मांडीवर लॅपटॉप आणि शेजारी दुसरा वडापाव ठेवून मी कित्येक अनोळखी लोकांना गरम पाण्यात लिंबू पिळून प्यायचा सल्ला दिला. तेव्हा माझं स्वतःचं वजन होतं ७४ किलो. उंची पाच फूट दोन इंच. वय सत्तावीस.

जिम मीही लावली होती. वर्षाची फी एकदम भरली, कारण 'ऑफर' होती. गेले एकूण नऊ दिवस. हिशेब केला तर एका दिवसाला जेवढे पैसे पडले, तेवढ्यात चांगल्या हॉटेलात बुफे झाला असता!

मग एके दिवशी जालन्याहून आईचा फोन आला. बाबांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती. चपलेचा खिळा वर आला होता आणि दोन दिवस तो पायात टोचत होता. बाबांना कळलंच नाही. डायबिटीसमध्ये पायाच्या नसा बधिर होत जातात. दुखत नाही, म्हणून लक्ष जात नाही आणि लक्ष जात नाही, म्हणून जखम चिघळते. तीन आठवड्यांनी अंगठा काढावा लागला.

मी बॅग भरून जालन्याला आले. आठवडाभरासाठी. त्याला आता दीड वर्ष झालं.

गाडीत चढले, बर्थ बाकी

बाबांचं ब्लड सॅम्पल घ्यायला लॅबवाला मुलगा घरी आला होता. आई सहज म्हणाली, "हिचंही घे रे बाबा." मी 'नको, नको' म्हणत हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. एचबीएवनसी : ६.१.

ही तपासणी म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी. ५.७ च्या खाली असेल तर नॉर्मल. ६.५ किंवा त्याच्या वर म्हणजे डायबिटीस. आणि ५.७ ते ६.४ या मधल्या पट्ट्याला म्हणतात प्रीडायबिटीस. रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर माझं तिकीट 'आरएसी'त होतं. बर्थ अजून मिळालेला नव्हता, पण गाडीत मी चढलेले होते.

या गाडीला गर्दीही भरपूर आहे बरं का! आयसीएमआरच्या पुढाकाराने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना डायबिटीस आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक माझ्यासारखे 'आरएसी'वाले आहेत.

डॉक्टरांनी मला वजनकाट्यावर उभं केलं, कमरेला टेप लावला आणि म्हणाले, "बीएमआय तीस. कंबर चौऱ्याण्णव सेंटिमीटर." मी म्हटलं, "पण सर, बाहेरच्या देशांत तिसापर्यंत फक्त ओव्हरवेट म्हणतात ना?" (मास कॉमचा फायदा. अर्धवट माहिती भरपूर!) ते हसले. म्हणाले, "बाहेरच्या देशांत. आपल्याकडे तेवीसच्या पुढे ओव्हरवेट आणि पंचवीसच्या पुढे लठ्ठ. बाईची कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषाची नव्वदच्या."

आपल्यासाठी वेगळा नियम? का? या प्रश्नाचं उत्तर मला पुढे आजीकडे सापडलं. पण त्याआधी घरातलं महायुद्ध.

दीक्षित की दिवेकर?

माझा रिपोर्ट घरात फुटला आणि त्या रात्री जेवणाच्या ताटावर दोन पार्ट्या पडल्या.

काका दीक्षित पार्टीचे. २०१८ च्या आसपास अख्ख्या महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या व्याख्यानांचे व्हिडिओ फिरत होते, तेव्हापासूनचे. लातूरच्या मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या या प्राध्यापकांनी डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेला. कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत जेवण आटपा, मध्ये काही खाऊ नका आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. काकांनी या पद्धतीने स्वतःची पँट दोन इंच सैल करून दाखवलीय. त्यामुळे त्यांच्यापुढे बोलायची सोय नाही.

वहिनी दिवेकर पार्टीची. ऋजुता दिवेकरांचं 'डोन्ट लूज युअर माइंड, लूज युअर वेट' २००९ मध्ये आलं आणि तुपाला पुन्हा मान मिळाला! थोडं थोडं, दर दोन तासांनी खा, आपल्या मातीतलं खा, भात-तूप सोडू नका. वहिनी म्हणते, "उपाशी राहून चिडचिड करण्यापेक्षा हे बरं."

मी काय केलं असेल? एकाच आठवड्यात दोन्ही! सोमवार ते बुधवार दोनदा जेवले. गुरुवारपासून दर दोन तासांनी खाल्लं. शनिवारी तर दीक्षितांच्या नावाने पोटभर आणि दिवेकरांच्या नावाने वारंवार. रविवारी काट्यावर उभी राहिले. ७४.६!

मग शांतपणे दोघांचंही म्हणणं पुन्हा ऐकलं. भांडण 'किती वेळा' यावर आहे. पाकिटातलं खाऊ नका, घरचं साधं अन्न खा आणि रोज अंग हलवा, हे दोघंही सांगतात. मी गेली पाच वर्षं नेमकं तेच करत नव्हते. डिलिव्हरी ॲपवर माझा 'गोल्ड' का काय तो दर्जा होता. म्हणजे माझं भांडण दोघांपैकी कोणाशीच नव्हतं, ते माझ्या रात्री साडेदहाच्या ऑर्डरशी होतं.

बहात्तर सालचं पोट

आमची आजी घनसावंगी तालुक्यातली. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच तालुक्यात. समर्थ रोज बाराशे सूर्यनमस्कार घालायचे असं सांगतात. मी पहिल्या दिवशी तीन घातले आणि पाठ धरून बसले. आजी खाटेवर बसून बघत होती. म्हणाली, "काय करायलीस गं माय? पोट कमी करायलीस? आम्हाला तर पोटात घालायलाच नव्हतं."

आणि मग तिने बहात्तर सालची गोष्ट सांगितली. मी लहानपणापासून ऐकलेली होती. पण रिपोर्ट हातात घेऊन पहिल्यांदाच ऐकली.

१९७२ चा दुष्काळ. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला १९८१ मध्ये. विहिरी आटलेल्या. गाव दुष्काळी कामावर. आजी खडी फोडायला जायची. खायला मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. कामावर सुकडी वाटायचे, तीही सगळ्यांना पुरायची नाही. आणि तेव्हा आजीच्या पोटात बाबा होते. १९७३ च्या जानेवारीत जन्मले. "मुठीएवढं लेकरू होतं," आजी म्हणाली. "जगतंय का नाही, असं वाटलं होतं."

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक नेमक्या याच प्रश्नावर अनेक वर्षं काम करत आलेत. १९९३ पासून त्यांच्या टीमने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. गंमत म्हणजे आपली बाळं हाडामांसाने बारीक, पण चरबी त्या मानाने राखून असलेली! २००४ मध्ये 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतः याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघंही सडपातळ, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के. याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के!

म्हणून आपल्यासाठी नियम वेगळा. तेवढ्याच वजनात आपल्याकडे चरबी जास्त असते आणि ती पोटावर साठते. हॉलंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, मोठी उपासमार झाली. तेव्हा आईच्या पोटात असलेल्या बाळांची मोठेपणी तपासणी केली, तर त्यांनाही साखर पचवणं जड जात असल्याचं दिसलं. गर्भात उपास घडलेलं शरीर पुढच्या दुष्काळाची तयारी करून बसतं. आणि मग दुष्काळाऐवजी समोर येते जिलेबी.

बाबांची शुगर दुष्काळामुळेच, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. स्टील मिलच्या अकाउंट्समधली खुर्ची आहे, मोंढ्यातली कचोरी आहे, रात्रीची जागरणं आहेत. पण त्या दिवशी मला एक गोष्ट जाणवली. इतकी वर्षं मी माझ्या पोटाचा राग राग करत होते. आरशासमोर श्वास आत ओढून उभी राहत होते. आजीच्या खाटेशेजारी बसल्यावर तो राग जरा कमी झाला. हे पोट वाईट वर्षांसाठी साठवायला शिकलेल्या घराण्यातलं आहे. त्याला आता सांगायचं होतं, की बाबा रे, दुकान रात्री अकरापर्यंत उघडं असतं, घाई करू नकोस.

चहाचं खातं

डॉक्टरांनी टार्गेट दिलं वजनाच्या सात टक्के. ७४ किलोचे सात टक्के म्हणजे साधारण पाच किलो. मी म्हटलं, "एवढंच?" मला तर वीस किलो कमी करून लग्नाच्या अल्बममधली आई दिसायचं होतं!

पण या 'एवढंच'मागे भक्कम कारण आहे. अमेरिकेत प्रीडायबिटीस असलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. सात टक्के वजन कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, हे टार्गेट दिलेल्या गटात डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. चेन्नईत भारतीयांवर असाच प्रयोग झाला. २००६ च्या त्या निष्कर्षात फायदा दिसला साडेअठ्ठावीस टक्के. आकडा कमी, पण आपला!

बाबा तेव्हा पाय उशीवर ठेवून घरीच होते. कंटाळले होते. अकाउंटंट माणूस, आकडे नसतील तर जीव रमत नाही. त्यांनी एक जुनी लाल वही काढली, समास आखले आणि वर माझं नाव लिहिलं. "आठवडाभर काही सोडू नको," म्हणाले. "नुसतं सांग, मी लिहितो. आधी खातं बघू, मग खर्च कमी करू."

कॉलेजात, जिममध्ये, इंटरनेटवर, कोणीही मला इतका शहाणा सल्ला दिला नव्हता.

पहिले दोन दिवस मी खोटं बोलले. चार चहा म्हणाले, होते सात. तिसऱ्या दिवशी आईने चुगली केली. मग खरा आकडा वहीत आला. रोज सात चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. चौदा चमचे. म्हणजे साधारण ६० ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवलेली उत्तम. मी दुपटीच्या पुढे होते, तेही बिस्किटं आणि सॉस न मोजता.

पहिला महिना मी फक्त चहावर काम केलं. सातचे पाच, पाचाचे तीन. दोन चमच्यांचा एक, एकाचा अर्धा. बाकी काही बदललं नाही. महिन्याअखेर वजन ७३ किलो. बाबांनी वहीत लाल शाईने 'शिल्लक : ७३' लिहिलं आणि स्वतःच खूश झाले.

दुसऱ्या महिन्यात ताट बदललं. आधी अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर. मग वरण किंवा उसळ. मग भाकरी. भाकरी काही गुन्हेगार नाही, चौथी भाकरी गुन्हेगार आहे. आईला हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं. ती 'अर्धी घे' म्हणून वाढते आणि मग उरलेली अर्धी 'वाया जाईल' म्हणून वाढते. "खा की, लेकरू वाळून चाललंय," हे ती ७३ किलोच्या लेकराला म्हणत होती! शेवटी तोडगा निघाला. ताट मी स्वतः वाढून घेते आणि आई माझ्याआधी जेवते.

आणि मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला जीआय मिळालंय, अभिमान आहेच. पण एका ग्लास ज्यूसमध्ये तीन-चार मोसंब्या जातात आणि चोथा जातो कचऱ्यात. आता मी एक मोसंबी सोलून खाते. एकच. वेळही जातो, पोटही भरतं.

"बसा ना, सोडतो!"

चालायचं म्हटलं तर गेटपासून कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत. पहिल्या आठवड्याचं टार्गेट एवढंच होतं. जाऊन-येऊन दहा मिनिटं. मग दोन खांब. मग मोती तलावापर्यंत.

पुण्यात चालणाऱ्या मुलीकडे कोणी बघत नाही. जालन्यात दर दोनशे मीटरवर एक ओळखीची बाईक थांबते. "ताई, गाडी बंद पडली का? बसा ना, सोडतो." कोणी आईला जाऊन सांगतं, "पोरगी पायी फिरायली, काही टेन्शन आहे का?" सुरुवातीला लाज वाटायची. मग मी उत्तर ठरवून टाकलं. "शुगर आहे, डॉक्टरांनी सांगितलंय." शुगर म्हटलं की जालन्यात प्रत्येकाच्या घरात कोणीतरी असतंच. बाईकवाला हमखास म्हणायचा, "आमच्या अण्णांनाही आहे." आणि गाडी पुढे जायची. एका काकू तर थांबून दुसऱ्या दिवसापासून माझ्याबरोबर चालायलाच लागल्या. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सातच्या आत घरी परतायचं असल्याने त्या साडेपाचला गेट वाजवतात. अलार्म बंद करता येतो, काकू नाही!

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. चौथ्या महिन्यात वजन ७१ वर अडकलं ते पाच आठवडे हललंच नाही. लग्नसराईत दीड किलो परत आलं. एका डेडलाइनच्या रात्री फरसाणाचं अख्खं पाकीट संपवलं आणि बाबांना सांगितलंही. ते म्हणाले, "नोंद झाली. उद्याचं पान नवीन."

राजूर

बाबा तरुणपणी अंगारकीला मिलमधल्या मित्रांबरोबर राजूरच्या गणपतीला पायी जायचे. जालन्याहून भोकरदन रस्त्याने सुमारे २५ किलोमीटर. सोमवारी रात्री निघायचं, मंगळवारी पहाटे पोचायचं. अंगठा गेल्यापासून ते त्याबद्दल बोललेच नव्हते. अंगारकीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी माझ्या हातात नारळ दिला. "यंदा तू जा. मी वही सांभाळतो."

रात्री दहाला मी आणि काकू निघालो. रस्ता माणसांनी फुललेला. अनवाणी म्हातारी माणसं, कॉलेजची पोरं, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया. सातव्या किलोमीटरला पायाला फोड आला. बाराव्या किलोमीटरला रडू आलं. जागोजागी मंडप, फुकट चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण चतुर्थीलाही लागू पडते! विसाव्या किलोमीटरला मी पायातल्या फोडाला हात लावून बघितला. दुखत होतं. चांगलंच दुखत होतं. बाबांच्या पायाला हे कळलं नव्हतं, एवढंच मनात आलं आणि मी पुढे चालायला लागले.

पाच वाजून दहा मिनिटांनी कळस दिसला. नारळ वाढवला. त्या आठवड्यात माझं वजन होतं ६९.५ किलो, कंबर ८८ आणि एचबीएवनसी ५.८. नॉर्मलला अजून दोन पावलं बाकी आहेत. कंबर तर अजून बरीच लांब आहे.

बाहेर येऊन बाबांना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. झोपले नव्हतेच.

"पोचले बाबा."

"पाय बघितलास का? फोड आला असेल तर फोडू नको. स्वच्छ धू."

"हो."

जरा वेळ कोणीच बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, "चहा किती झाले?"

"दोन."

"खरं सांग."

"...तीन."

"लिहितो," बाबा म्हणाले.

चौकट : सुरुवात करताय? एवढंच करा!

• पहिला आठवडा काहीही सोडू नका. फक्त खरं खरं लिहून ठेवा. चहाचे चमचेसुद्धा.

• तिशीच्या आत असलात तरी घरात कोणाला डायबिटीस असेल, तर एकदा एचबीएवनसी तपासून घ्या. वजनाबरोबर कंबरही मोजा.

• एका महिन्यात एकच सवय बदला. ती टिकली की पुढची.

• टार्गेट वजनाच्या पाच ते सात टक्के ठेवा. आठवड्याला अर्धा किलो कमी होणं म्हणजे उत्तम वेग.

• आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं. रोज ३० मिनिटं, पाच दिवस. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा.

• डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम उतरू शकते. आणि रोज रात्री पाय बघा. तळवेसुद्धा.